हॉटेलातली ड्युटी, ओव्हरटाइम आणि सुट्टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉटेल लाइनमध्ये मी एकोणीस वर्षं काढली. सुरुवात पुण्यातल्या एका उपाहारगृहाच्या मोरीत भांडी घासण्यापासून झाली आणि शेवट मुंबईत बँक्वेट कॅप्टन म्हणून, म्हणजे लग्न-पार्ट्यांच्या हॉलमधल्या वेटरांचा प्रमुख. आता काम वेगळं आहे, पण फोन अजून त्याच लोकांचे येतात. किचनमधली पोरं, हाऊसकीपिंगच्या बायका, ट्रेनिंगला गेलेल्या मुलांचे आईवडील विचारत असतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे. बहुतेक उत्तरं महाराष्ट्रातल्या कायद्याची आहेत, बाहेरचं वेगळं सांगितलं आहे.

हॉटेलात बारा तासांची ड्युटी असतेच, असं सगळे म्हणतात. कायद्यात खरंच किती तास आहेत?

आठवड्याला ४८ तास. हा आकडा आधी पाठ करा, बाकीचे आकडे नंतर.

महाराष्ट्रात हॉटेलं आणि रेस्टॉरंटं दुकाने व आस्थापना कायद्याखाली येतात. १९४८ चा जुना मुंबई कायदा जाऊन २०१७ चा नवा आला, तो १९ डिसेंबर २०१७ पासून लागू आहे. त्यात दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून दिवसाचे तास ९ वरून १० केले. आठवड्याचे ४८ मात्र तसेच राहिले. सलग कामाची मर्यादा आधी पाच तास होती, ती सहा झाली, म्हणजे सहा तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावीच लागते. त्याच दुरुस्तीत कायदा लागू होण्यासाठीची कामगारसंख्या १० वरून २० वर गेली. छोट्या हॉटेलांत काम करणाऱ्यांचं यात नुकसान झालं असं माझं स्पष्ट मत आहे. त्यांच्यासाठी काय उरतं ते पुढे लिहिलं आहे.

एचआर म्हणतात आता दहा तास कायदेशीर आहेत, म्हणून रोज दहा तास. बरोबर आहे का?

नाही. दहा तासांचे सहा दिवस म्हणजे साठ तास होतात. दिवसाची मर्यादा पाळली तरी आठवड्याची बारा तासांनी मोडली. दोन्हीपैकी कुठलीही मर्यादा ओलांडली की तिथून पुढचा वेळ ओव्हरटाइम. दहा तासांची ड्युटी पाच दिवसही पूर्ण चालत नाही, पाचव्या दिवशी आठ तासांतच ४८ भरतात. पूर्वी नऊ तासांच्या काळातही हीच गल्लत व्हायची. नऊ सक चोपन्न, म्हणजे दर आठवड्याला सहा तास गुपचूप फुकट जायचे आणि आम्हाला कळायचंही नाही.

ओव्हरटाइमचा हिशोब कसा करायचा?

दर दुप्पट. हॉटेलात सिंगल ओटी नावाचा प्रकार चालतो, म्हणजे जादा तासांचे पैसे साध्या दराने देतात आणि वर उपकार केल्यासारखं दाखवतात. कायद्यात सिंगल ओटी नाही. राज्याचा कायदा दुप्पट म्हणतो, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या वेतन संहितेतही किमान दुप्पटच आहे.

समजा महिन्याचं वेतन १८,२०० रुपये आहे. २६ ने भागलं तर दिवसाचे ७०० होतात. आठवड्याचे ४८ तास सहा दिवसांत वाटले तर दिवसाला आठ, म्हणून ७०० भागिले ८, तासाचे ८७ रुपये ५० पैसे. दुप्पट केल्यावर १७५. आता वरचीच साठ तासांची ड्युटी घ्या. आठवड्याला बारा तास जादा, म्हणजे २,१०० रुपये. चार आठवड्यांचे ८,४०० झाले. पगाराच्या जवळजवळ निम्मे. हा आकडा पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा मी पेन खाली ठेवून बराच वेळ नुसता बसलो होतो, कारण मी तशी ड्युटी कित्येक वर्षं केली होती.

ओव्हरटाइमलाही छत आहे. तीन महिन्यांत जास्तीत जास्त १२५ तास होते, आता १४४. दर आठवड्याला बारा तास जादा केले तर तेरा आठवड्यांत १५६ होतात, म्हणजे पैसे दिले तरीही ती ड्युटी मर्यादेबाहेरच. ओव्हरटाइमच्या रकमेवर पीएफ कापत नाहीत. ईएसआय (कामगार विमा) जुन्या कायद्यात मात्र कापला जायचा, त्यामुळे जुन्या पगारपत्रकात तो थोडा वाढलेला दिसला तर घाबरू नका.

आमच्याकडे ब्रेक शिफ्ट आहे. सकाळी ११ ते ३, संध्याकाळी ७ ते ११. मधले चार तास कोणाचे?

कागदावर तुमचे. प्रत्यक्षात कोणाचे ते अंधेरीत काम करून डोंबिवलीला राहणाऱ्याला विचारा. चार तासांत घरी जाऊन येणं होत नाही. मग रिकाम्या बँक्वेट हॉलमध्ये पडद्यामागे गालिच्यावर, नाहीतर लॉकर रूमच्या बाकावर आडवं व्हायचं. साडेचारला कोणीतरी येऊन म्हणतं, "नुसता पडलाच आहेस तर जरा कटलरी पुसून दे." तिथे ब्रेक संपला आणि काम सुरू झालं, पण मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, ते कधीच उतरत नाही.

कायद्याने यासाठी वेगळं मोजमाप ठेवलं आहे. त्याला स्प्रेडओव्हर म्हणतात. आल्यापासून जाईपर्यंतचा सगळा काळ, मधला ब्रेक धरून. आधी तो साडेदहा तासांत बसवावा लागायचा, फक्त अधूनमधून चालणाऱ्या किंवा तातडीच्या कामाला बारापर्यंत सवलत होती. २०२५ च्या दुरुस्तीने सगळ्यांसाठीच बारा तास केले. म्हणजे ११ ते ११ आता काठावर बसतं. पण शेवटचं टेबल साडेबाराला उठलं आणि तुम्ही पाऊणला बाहेर पडलात, तर पावणेचौदा तास होतात आणि नियम मोडतो. प्रत्यक्ष काम दहा तासांपेक्षा कमी भरलं असलं तरी मोडतो. ब्रेक शिफ्टवाल्यांनी म्हणून दोन्ही वेळा टिपायच्या: काम किती, आणि दारात पाय ठेवल्यापासून बाहेर पडेपर्यंत किती.

डबल ड्युटीही यातच अडकते. सकाळी सातला आलेला माणूस रात्री अकराला सोडणं म्हणजे सोळा तासांचा पल्ला. "बदली आला नाही" हे त्याला उत्तर नाही.

मुलाखतीत सांगितलं की पगार फिक्स आहे, ओव्हरटाइम त्यातच धरला आहे. सहीही घेतली. आता काय?

सही केली म्हणून कायद्याने दिलेला हक्क जात नाही. "ओव्हरटाइम मागणार नाही" असं लिहून घेतलेल्या कागदाला फारसा अर्थ नसतो. पण तो पगार नीट फोडून पाहा. हॉटेल आणि उपाहारगृहांसाठी राज्य सरकार किमान वेतन ठरवतं, ते गावाच्या परिमंडळानुसार बदलतं आणि वर दर जानेवारीत आणि जुलैत बदलणारा विशेष भत्ता असतो. अनेकदा असं निघतं की फिक्स म्हणून सांगितलेला आकडा बारा तासांचा आहे आणि आठ तासांचा भाग काढला तर तो किमान वेतनाच्याही खाली जातो. मग तक्रार एक नाही, दोन होतात.

साप्ताहिक सुट्टी रद्द करून "कॉम्प ऑफ देऊ" म्हणतात. तो कधीच मिळत नाही.

आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी हा हक्क आहे. ती दिली नाही तर बदली सुट्टी दोन महिन्यांच्या आत द्यावी लागते. सीझन संपल्यावर बघू, हे चालत नाही.

एका वर्षी २० डिसेंबरपासून ३ जानेवारीपर्यंत आम्हाला एकही ऑफ नव्हता. ३१ तारखेला मी सकाळी नऊला आलो आणि १ तारखेच्या पहाटे पाचला बाहेर पडलो, वीस तास. मॅनेजरने ब्रीफिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं होतं, दोन कॉम्प ऑफ पक्के. जानेवारीत लग्नं होती. फेब्रुवारीत लग्नं होती. मार्चमध्ये मॅनेजर बदलला आणि नव्याने विचारलं, "कुठे लिहिलंय?" कुठेच लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून मी कॉम्प ऑफ फक्त लेखी घेतो. तोंडी सांगितलं तर त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर एक ओळ टाकायची: "सर, आज माझा ऑफ असून ड्युटी केली, बदली ऑफ अमुक तारखेपर्यंत द्यावा." उत्तर नाही आलं तरी चालतं. निळ्या खुणा आल्या तर उत्तमच.

ही सुट्टी कोणी सहज दिलेली नाही. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, साप्ताहिक सुट्टीसाठी वर्षानुवर्षं झगडले, आणि १० जून १८९० पासून गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. हॉटेलवाल्यांना रविवार मिळत नाही, रविवार तर आमचा सगळ्यात जड दिवस. पण मंगळवार मिळाला तरी तो त्याच लढ्यातला आहे, म्हणून तो सोडून देताना मला नेहमी वाईट वाटतं.

सरकारने हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवायला परवानगी दिली आहे ना? मग आम्हालाही चोवीस तास लागू होतं का?

मद्य देणारी ठिकाणं वगळून आस्थापना चोवीस तास चालू ठेवता येतात, हे खरं. पण परवानगी शटरला आहे, माणसाला नाही. त्याच नियमात प्रत्येक कामगाराला आठवड्याला सलग २४ तास सुट्टी बंधनकारक आहे. हॉटेल चोवीस तास चालवायचं तर माणसं तीन पाळ्यांची लागतात.

साप्ताहिक सुट्टीशिवाय आणखी किती रजा?

दुकाने कायद्यात वर्षाला ८ नैमित्तिक रजा आहेत. वर्षात २४० दिवस काम केलं तर दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा, ती ४५ पर्यंत साठवता येते. सणांच्या ८ पगारी सुट्ट्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि चार आपसांत ठरवून.

मला कॅप्टन केलं आणि ओव्हरटाइम बंद केला. सुपरवायझरला ओव्हरटाइम नसतो म्हणाले.

व्यवस्थापकीय, देखरेखीच्या किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदांना दुकाने कायद्याच्या तासांचे नियम लागत नाहीत, हे खरं आहे. पण छातीवरच्या बिल्ल्यावर काय लिहिलंय ते निर्णायक नसतं. प्रत्यक्ष काम कसलं ते कोर्टं पाहत आली आहेत. तुम्ही कोणाची रजा मंजूर करता का? कोणाला कामावर घेता किंवा काढता का? कोणाच्या कामाचा अहवाल तुमच्या सहीने जातो का? की दिवसभर ऑर्डर घेणं, ट्रे उचलणं, टेबल लावणं हेच करता? मी कॅप्टन असताना नव्वद टक्के वेळ प्लेटाच उचलत होतो. पदाचं नाव मोठं करून ओव्हरटाइम वाचवायची ही जुनी युक्ती आहे. बढतीचं पत्र आलं की आधी कामाचं वर्णन मागा, मग पेढे वाटा.

टिप आणि सर्व्हिस चार्ज मिळतो, म्हणून ओव्हरटाइम देत नाहीत.

टिप गिऱ्हाईक देतं, ओव्हरटाइम मालक देतो. एकाने दुसरं फिटत नाही. सर्व्हिस चार्जचं तर आता सगळंच बदललं आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तो बिलात सक्तीने लावू नये अशा सूचना काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या कायम ठेवल्या. ज्या हॉटेलात पगार कमी ठेवून सर्व्हिस चार्जवर भागवलं जायचं, तिथल्या लोकांनी मूळ पगाराचा प्रश्न लगेच हातात घ्यायला हवा.

मी बँक्वेटला कॅज्युअल म्हणून जातो. काँट्रॅक्टर रोजचे पैसे देतो, रात्री दोन वाजेपर्यंत थांबवतो. मला काही हक्क आहेत का?

आहेत. रोजंदारीवर आहात म्हणून तास कमीजास्त मोजले जात नाहीत. काँट्रॅक्टरने पैसे बुडवले तर ज्याच्या आस्थापनेत काम केलं त्या हॉटेलवरही जबाबदारी येते. अडचण वेगळीच असते: कॅज्युअलचं नाव कुठेच नसतं. म्हणून गेटवरच्या सिक्युरिटी रजिस्टरमध्ये आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा, स्वतःच्या हाताने नाव आणि वेळ लिहा. मुकादमाला सगळ्यांच्या वतीने लिहू देऊ नका.

मुलगी हाऊसकीपिंगमध्ये आहे. तिला रात्रपाळी लावता येते का?

तिच्या संमतीशिवाय नाही. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्री कामगाराला काम द्यायचं तर तिची संमती, सुरक्षिततेची व्यवस्था आणि घराच्या दारापर्यंत सोडणारी गाडी हवी. दारापर्यंत म्हणजे दारापर्यंत, स्टेशनपर्यंत नाही. दुपारची पाळी लांबत लांबत साडेदहाला संपत असेल तर तीही यात येते. संमती एकदा दिली म्हणजे कायमची दिली असं समजू नका, बदललेली परिस्थिती लेखी कळवता येते.

माझा मुलगा हॉटेल मॅनेजमेंट करतो. ट्रेनिंगला तेरा-चौदा तास उभा असतो. कॉलेज म्हणतं, लाइनच तशी आहे.

काकू, ताई, दादा, हा प्रश्न तुम्ही सगळे विचारता आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो, कारण ही मुलं अठरा-एकोणीस वर्षांची असतात आणि नाही म्हणायची त्यांना सवय नसते.

आधी कागद बघा. मुलगा शिकाऊ उमेदवार कायद्याखाली नोंदलेला असेल, तर त्याच्याकडून ओव्हरटाइम करून घ्यायला शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची मंजुरी लागते. कॉलेजच्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून गेला असेल तर तो त्या कायद्यात आपोआप येत नाही, तिथे कॉलेजने हॉटेलला दिलेलं पत्र महत्त्वाचं. त्यात तास आणि साप्ताहिक सुट्टी लिहिलेली असते. ते पत्र मागून घ्या, त्याची प्रत मुलाच्या फोनमध्ये ठेवा. आणि ट्रेनिंगचं प्रमाणपत्र अडवतील या भीतीने तो गप्प बसला असेल तर पालक म्हणून तुम्हीच कॉलेजच्या प्लेसमेंट सरांना लेखी विचारा. मुलाने भांडण्यापेक्षा पालकाचं साधं पत्र जास्त काम करतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

आमच्या हॉटेलात मोरीवर पंधरा वर्षांचा पोरगा आहे. तो चालतो का?

चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेल, ढाबे, चहाच्या टपऱ्यांवर ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासूनच बंदी आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर जवळजवळ कुठल्याच कामाला ठेवता येत नाही. चौदा ते अठराच्या मुलाचे तास फार कडक आहेत: सलग तीन तासांनंतर एक तास विश्रांती, सगळं मिळून सहा तास, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम नाही, ओव्हरटाइम अजिबात नाही. हॉटेलची रात्रीची गर्दीच सातनंतर सुरू होते, म्हणजे त्याला त्या वेळी मोरीवर उभं करताच येत नाही. १०९८ वर फोन करा. त्याची नोकरी जाईल म्हणून गप्प बसू नका, मी एकदा बसलो होतो आणि अजून सलतं.

आम्ही आठ जणच आहोत. छोट्या हॉटेलाला कायदाच लागू नाही असं मालक म्हणतो.

दुकाने कायद्याचे तास वीसपेक्षा कमी माणसांना लागू होत नाहीत, एवढं त्याचं खरं. पण वेतन संहितेला अशी संख्येची अट नाही. किमान वेतन, पगारपत्रक, महिन्याचा पगार पुढच्या ७ तारखेच्या आत, ठरलेल्या कामाच्या दिवसापेक्षा जादा वेळेला दुप्पट दर, हे आठ जणांनाही आहे. आणि दहा किंवा जास्त माणसं असतील तर केंद्राची व्यावसायिक सुरक्षा संहिताही येते, तिच्यात आठ तासांचा दिवस आहे.

स्टाफ क्वार्टरमध्ये राहतो. रात्री एकला दार वाजवून बोलावतात.

राहायला जागा दिली म्हणजे चोवीस तास विकत घेतले असं होत नाही. बोलावल्यापासून परत खोलीवर येईपर्यंतचा वेळ कामाचा. महाबळेश्वर, लोणावळा, कोकणातल्या रिसॉर्टवर हे फार चालतं, कारण गाव लांब आणि दुसरं कोणी जवळ नसतं. अशा प्रत्येक रात्रीची नोंद तारखेनिशी ठेवा.

ओव्हरटाइमला नाही म्हणता येतं का?

येतं. जादा काम कामगाराच्या संमतीने, असंच नव्या तरतुदींत आहे. तरी व्यवहार सांगतो: भर सर्व्हिसमध्ये ॲप्रन काढून निघून जाऊ नका, त्याने हाताखालचा सहकारी मरतो. ब्रीफिंगच्या वेळीच सांगा, आज इतक्या वाजेपर्यंत थांबेन.

थंब मशीन मालकाच्या ताब्यात. पंच आऊट करायला लावून परत कामाला उभं करतात. मग पुरावा कुठून आणायचा?

सगळ्यात जास्त मी याच प्रश्नावर बोलतो, कारण बहुतेक लोक कायद्यात हरत नाहीत, नोंदीत हरतात.

एका कुकची गोष्ट सांगतो. तंदूरवर होता, जुना माणूस. तासांचा वाद झाला तेव्हा हॉटेलने मशीनचा रिपोर्ट पुढे केला, त्यात रोज बरोबर नऊ तास. त्याच्याकडे काही नव्हतं. मग त्याच्या बायकोने घरातलं भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. ती दुधाचा हिशोब त्यावर लिहायची, अर्धा लिटर, एक लिटर, आणि त्याच चौकोनात नवरा घरी आला ती वेळ. दीड वर्षाच्या वेळा होत्या. रात्री १२.५०, १.२०, १.०५. ते कॅलेंडर टेबलावर ठेवल्यावर बोलणीच बदलली. तडजोडीत त्याला पूर्ण नाही, पण बरीच रक्कम मिळाली.

म्हणून रोज लिहा. खिशातली डायरी, फोनमधली नोंद, काहीही. आलो, ब्रेक, गेलो. महिन्याच्या शेवटी एकदम भरलेली वही ओळखू येते, रोज लिहिलेली वेगळी दिसते. दर आठवड्याचं रोस्टर बदलण्याआधी टिपून घ्या. ड्युटीच्या ग्रुपवरचे मेसेज पुसू नका. केओटीवर, म्हणजे किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, तुमचं नाव आणि वेळ छापलेली असते, ती नोंद हॉटेलच्याच सिस्टिममध्ये राहते आणि चौकशीत मागवता येते. हाऊसकीपिंगच्या रूम शीटचंही तसंच. घरी परतताना काढलेलं तिकीट, रिक्षाचे ऑनलाइन दिलेले पैसे, सगळ्यावर वेळ असते. एक खबरदारी मात्र घ्या: गेस्टची नावं, खोली क्रमांक, बिलं यांचे फोटो काढू नका. त्यावरून तुमच्यावरच कारवाई होऊ शकते आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

आणि हे लक्षात ठेवा: वेतन संहितेनुसार पैसे कमी दिल्याचा दावा दाखल झाला की पैसे दिले आहेत हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते. दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. नोकरी सोडल्यावरही करता येतो.

तक्रार कुठे करायची? केली तर काढून टाकतील ना?

मुंबई महापालिकेच्या हद्दीत दुकाने कायद्याची अंमलबजावणी पालिकेचं दुकाने व आस्थापना खातं करतं, बाकी राज्यात कामगार आयुक्तांची जिल्हा कार्यालयं. पैशाच्या दाव्यासाठी कामगार आयुक्तांच्या कार्यालयातच जायचं. कामगार स्वतः अर्ज करू शकतो किंवा युनियनमार्फत. अर्ज साधा असावा: कधीपासून काम, पद, पगार, तास, किती रक्कम राहिली. राग अर्जात नको, आकडे हवेत.

काढून टाकायची भीती खरी आहे, ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. हक्क मागितला म्हणून सूडाने काढणं ही अनुचित कामगार प्रथा आहे आणि त्याविरुद्ध दाद मागता येते, पण त्याला वेळ लागतो आणि घरभाडं थांबत नाही. म्हणून एकट्याने जाऊ नका. किचन, सर्व्हिस, हाऊसकीपिंग मिळून पाच-सहा जणांनी एकाच कागदावर सह्या केल्या तर एकाला वेगळं काढणं अवघड जातं. आणि काढलंच किंवा तुम्ही सोडलंत, तरी राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यावं लागतं.

गोवा, दुबई, क्रूझ: तिथे काय?

गोव्यात १९७३ चा स्वतंत्र दुकाने कायदा आहे, महाराष्ट्राचे आकडे तिथे सांगू नका. संयुक्त अरब अमिरातीत दिवसाला आठ, आठवड्याला ४८ तास, ओव्हरटाइम रोज दोन तासांपर्यंत. तिथे दर दुप्पट नाही, मूळ पगारावर २५ टक्के जास्त, आणि रात्री १० ते पहाटे ४ मध्ये ५० टक्के. पण रात्रीचा हा वाढीव दर पाळीत काम करणाऱ्यांना लागत नाही, आणि हॉटेलातले बरेचसे पाळीतच असतात, म्हणून करार वाचून जा.

क्रूझवर जाणारी आपली मुलं पुष्कळ आहेत. जहाजावर २००६ चा सागरी कामगार करार चालतो. २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती, ती दोनपेक्षा जास्त तुकड्यांत नाही आणि त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा. पगार डॉलरमध्ये असतो, म्हणून सात-आठ महिने एकही पूर्ण सुट्टी नसते हे लोक विसरतात.

इतक्या तासांनी शरीरावर खरंच परिणाम होतो का, की आमची पिढीच नाजूक?

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्के जास्त आढळला. आमच्या लाइनमध्ये ५५ तास म्हणजे हलका आठवडा. माझ्या दोन्ही पायांच्या शिरा फुगल्या आहेत, आणि माझ्याबरोबर लागलेल्यांपैकी बहुतेकांचं तेच. जेवण तीनला किंवा रात्री साडेबाराला, तेही उभ्याने. नाजूकपणाचा यात काही संबंध नाही.

मी स्वतः छोटं रेस्टॉरंट चालवतो. आठ तासांत बसवलं तर परवडतच नाही. काय करू?

तुमचा प्रश्न खरा आहे. तुम्हीही गल्ल्यावर चौदा तास बसता, हे मला माहीत आहे. फक्त एकदा कागदावर मांडून बघा. चार माणसं प्रत्येकी आठवड्याला बारा तास जादा करतात असं धरा. मिळून ४८ तास, म्हणजे एका नव्या माणसाचा पूर्ण आठवडा. वरच्याच दराने ओव्हरटाइम दिला तर ८,४०० रुपये होतात, नवा माणूस ठेवला तर ४,२००. त्याचं जेवण, पीएफ, ईएसआय धरूनही नवा माणूस स्वस्त पडतो. ओव्हरटाइम परवडतो असं वाटतं ते तो दिला जात नाही म्हणून.

सकाळी ८ ते रात्री ११ चालणाऱ्या जागेला सगळ्यांना सकाळी बोलवायची गरज नसते. साडेसात ते चार आणि तीन ते साडेअकरा, अर्ध्या तासाच्या जेवणासह, अशा दोन पाळ्या लावा. तीन ते चार या तासात दोन्ही पाळ्या असतात, त्या वेळी साफसफाई आणि रात्रीची तयारी होते. दुपारच्या आणि रात्रीच्या गर्दीला ब्रेक शिफ्ट फक्त त्यांना, जे चालत घरी जाऊ शकतात. रोस्टर शुक्रवारी लावा, सोमवारपासून चालू करा आणि ते बदललं तर ज्याचं बदललं त्याला फोन करून विचारा.